वेफर्स, चिप्स आणि आमची जर्नल्स

'वेफर' आणि 'चिप' हे दोन शब्द ऐकल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर अजूनही बटाटाच येतो, त्यांनी हे पान उलटलं तरी माझी हरकत नाही. मीसुद्धा तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच पंथातला होतो. ई अँड टीसीला प्रवेश घेतला तो कॉम्प्युटरला मार्क थोडे कमी पडले म्हणून, आणि चार वर्षांचं ध्येय एकच, आयटीत लागणं. (आमच्या वर्गातल्या साठांपैकी पन्नास जणांचं तेच आहे. उरलेल्या दहांना एमपीएससी करायची आहे.)

पण यंदा प्लेसमेंटच्या मोसमात एक गंमत झाली. गंमत म्हणतोय ती आता; तेव्हा घाम फुटला होता.

चिप पॅकेजिंगचा कारखाना उभारणारी एक कंपनी कॅम्पसला आली. नाव सांगत नाही. पद होतं प्रोसेस इंजिनिअरचं. ॲप्टिट्यूड निघाली, पहिली टेक्निकलही निघाली. दुसऱ्या फेरीत समोर पिकल्या केसांचे एक सर बसले होते. त्यांनी माझा रेझ्युमे न उघडताच बाजूला ठेवला आणि विचारलं, फर्स्ट इयरला हॉल इफेक्टचा प्रयोग केला होता का? मी खूश! प्रवाह वाहत असलेल्या सेमीकंडक्टरवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं की आडव्या दिशेने बारीकसं व्होल्टेज तयार होतं, त्याच्या दिशेवरून आत इलेक्ट्रॉन धावतायत की होल्स ते कळतं... सगळं धडाधड सांगून टाकलं.

"हॉल कोइफिशंटचं चिन्ह काय आलं होतं?"

"निगेटिव्ह, सर."

"म्हणजे सँपल?"

"एन-टाइप."

"पाकिटावर तसं लिहिलं होतं?"

आता पाकीट कोणी बघितलंय! हॉल इफेक्ट आम्ही केला तो असा: आदल्या वर्षीच्या टॉपरचं जर्नल हॉस्टेलवर आलं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत साठ जणांनी तीच दहा रीडिंग्ज उतरवली. एखादा हुशार दशांश चिन्हानंतरचा एक आकडा बदलायचा. त्याला आम्ही 'रिसर्च' म्हणायचो.

सर तोपर्यंत इंग्रजीत बोलत होते. इथे मराठीत आले. "अरे, रीडिंग्ज तू घेतली होतीस का?" मी म्हणालो, "ग्रुपमध्ये घेतली होती, सर." ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आमच्याकडे रात्री तीन वाजता मशीनचा आकडा बिघडतो. तो जसा आहे तसा लिहिणारी मुलं मी शोधतोय."

संध्याकाळी लागलेल्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढे महिन्याभरात एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, घरी पेढे वाटून झाले. त्यामुळे हा लेख वाचून कोणी 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हटलं तरी चालेल. पण त्या एका वाक्याने माझी झोप उडवली हे खरं. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, शोधलं, त्यातून माझं एक मत झालंय आणि ते मांडायला मॅगझिनच्या मराठी विभागाइतकी सुरक्षित जागा नाही, कारण तो सर लोक सर्वांत शेवटी वाचतात.

मत असं: चिप उद्योगाचा कस नॅनोमीटरच्या आकड्यात नाही. हजार पायऱ्या, दररोज, न चुकता आणि थापा न मारता करता येणं, यातच सगळी मेख आहे. आणि नेमक्या या विषयात आपण इंजिनिअरिंगची पोरं नापास आहोत.

आधी हजार पायऱ्या म्हणजे काय ते बघू. वाळूतून मिळणारं सिलिकॉन शुद्ध करायचं, ते किती? ९९.९९९९९९९ टक्के, आणि वर आणखी. त्याचा दंडगोल स्फटिक ओढून काढायचा, चकत्या कापायच्या. ही चकती म्हणजे वेफर. मोठ्या कारखान्यांत ३०० मिलिमीटर व्यासाची, साधारण जेवणाच्या ताटाएवढी. मग तिच्यावर पातळ थर चढवायचा, प्रकाशाला संवेदनशील रसायन लावायचं, मास्कमधून प्रकाश टाकून नक्षी छापायची, नको तो भाग कोरून काढायचा, आयन घुसवायचे, घासून सपाट करायचं, धुवायचं, मोजायचं. आणि पुन्हा पहिल्यापासून. असं कित्येक डझन थरांसाठी. आजच्या पुढारलेल्या लॉजिक चिपला या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास पायऱ्या लागतात आणि एक वेफर कारखान्यात शिरून बाहेर यायला साधारण तीन महिने जातात. आपली एक सेमिस्टरच म्हणा ना.

आता कॅल्क्युलेटर काढा. समजा प्रत्येक पायरी ९९ टक्के बरोबर होते. ९९ टक्के म्हणजे आपल्याकडे पेपरात फोटो! ०.९९ चा हजारावा घात करा. उत्तर येतं सुमारे ०.००००४. एक लाखात चार चिप्स चांगल्या, बाकी कचरा. बरं, ९९.९ टक्के केलं तर? सुमारे ३७ टक्के हाती लागतात. तरीही तीनातल्या दोन फेकायच्या. ९९.९९ वर गेलात तर कुठे नव्वद टक्के. हिशोब ढोबळ आहे, खरी यील्डची सूत्रं दोषांची घनता आणि चिपचं क्षेत्रफळ धरून मांडतात. पण यावरून एवढं कळतं की जिथे आपलं डिस्टिंक्शन संपतं तिथून यांची पासिंगची रेषा सुरू होते.

एखादी पायरी हुकली तर काय होतं याची उदाहरणंही आहेत. जानेवारी २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या एका कारखान्यात फोटोरेझिस्टची, म्हणजे त्या प्रकाशसंवेदी रसायनाची, एक खेप सदोष निघाली. रसायन बाहेरच्या पुरवठादाराचं होतं. हजारो वेफर्स भंगारात काढावे लागले आणि कंपनीने त्या तिमाहीच्या महसुलाला सुमारे ५५ कोटी डॉलरचा फटका बसेल असं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्ये योक्काइची इथे वीज गेली. किती वेळ? तेरा मिनिटं. फ्लॅश मेमरीच्या त्या कारखान्यात भागीदार असलेल्या वेस्टर्न डिजिटलने आपल्या वाट्याच्या सुमारे सहा एक्साबाइट मेमरीवर पाणी सोडलं. तेरा मिनिटं! आमच्या गावी एवढ्या वेळात वीज गेली हे कळतसुद्धा नाही. मेणबत्ती शोधायलाच पंधरा लागतात.

आता त्या नॅनोमीटरबद्दल, कारण कट्ट्यावर सगळ्यांत जास्त फुशारकी त्याचीच चालते. "माझ्या फोनमध्ये तीन नॅनोमीटरची चिप आहे." भल्या माणसा, तुझ्या फोनमध्ये तीन नॅनोमीटर मापाचं काहीही नाही! पूर्वी हा आकडा खरोखर ट्रान्झिस्टरच्या गेटच्या लांबीशी जोडलेला होता. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २३०० ट्रान्झिस्टर होते आणि प्रोसेस होती १० मायक्रॉनची. तिथे १० म्हणजे १०. पुढे तो संबंध तुटत गेला. आज 'तीन नॅनोमीटर' नावाच्या प्रोसेसमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं अंतर चाळीस नॅनोमीटरहून जास्त असतं. आकडा हे एक नाव राहिलंय, दुकानावरच्या पाटीसारखं.

गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका लेखात म्हटलं की एका चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय. १९७५ मध्ये त्यांनीच ते दर दोन वर्षांवर आणलं. आपण त्याला 'लॉ' म्हणतो आणि दोन मार्कांना लिहितो. तो निसर्गनियम नाही, एका माणसाने केलेलं निरीक्षण आहे, जे खरं ठेवण्यासाठी लाखो लोक गेली साठ वर्षं राबतायत. त्याचा जोडीदार डेनार्ड स्केलिंग, म्हणजे ट्रान्झिस्टर लहान केला की त्याच प्रमाणात त्याची वीजही कमी लागते, हे तर २००५-०६ च्या सुमारास बंदच पडलं. म्हणून प्रोसेसरचा क्लॉक तेव्हापासून तीन-चार-पाच गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळतोय आणि कंपन्या कोअर वाढवत बसल्यात. गळती थांबवायला सपाट ट्रान्झिस्टर उभा करून फिनफेट आला (इंटेलने तो २०११ मध्ये २२ नॅनोमीटरला जाहीर केला), आता गेट चारही बाजूंनी गुंडाळणारी रचना येतेय. यावर आमच्या व्हीएलएसआयच्या मॅडमचे नोट्स माझ्यापेक्षा चांगले आहेत, ते वाचा.

मला स्वतःला वेड लावलं ते ईयूव्ही मशीनने. इतकी बारीक नक्षी छापायला प्रकाशही बारीक लागतो, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. असा प्रकाश देणारा दिवा बाजारात मिळत नाही. मग करतात काय? निर्वात पोकळीत वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंब केसाच्या जाडीपेक्षाही लहान. उडत्या थेंबाला लेसरने आधी एक टिचकी मारून चपटा करायचा आणि मग दुसऱ्या फटक्याने त्याचा प्लाझ्मा करायचा, सूर्याच्या पृष्ठभागाहून कित्येक पट तापलेला. त्यातून हवा तो प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो, काचेत शोषला जातो, म्हणून भिंगं चालत नाहीत, आरसेच लागतात. आणि प्रत्येक आरशावर त्यातला तीसेक टक्के मरतो. आरसे बनवते जर्मनीची झाईस. त्यांचा दावा असा की तो आरसा आख्ख्या जर्मनीएवढा मोठा केला तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही भरणार नाही. नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी जगात हे मशीन बनवते. वजन सुमारे १८० टन, किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर. कल्पना १९८० च्या दशकातली, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आलं २०१९ मध्ये. मधली तीस वर्षं काय केलं असेल या लोकांनी? रीडिंग्ज घेतली. बिघडलेली रीडिंग्ज घेतली, आणि तशीच लिहून ठेवली.

कोणाला वाटेल हा माझा भाबडेपणा आहे, उद्योग पैशावर चालतो. पैसा लागतोच. पण १९८० चा किस्सा ऐका. अमेरिकेत चिपचा शोध लागला. १९५८ मध्ये जॅक किल्बी, पाठोपाठ रॉबर्ट नॉइस. पैसा त्यांचा, पेटंटं त्यांची, बाजार त्यांचा. आणि १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत ह्युलेट-पॅकार्डच्या रिचर्ड अँडरसन यांनी मेमरी चिप्सच्या चाचण्यांचे आकडे मांडले. तीन जपानी आणि तीन अमेरिकन कंपन्यांच्या चिप्स तपासल्या होत्या. अमेरिकन चिप्स जपानी चिप्सपेक्षा कित्येक पटींनी जास्त बिघडत होत्या. जपानकडे नवं विज्ञान नव्हतं. तीच चिप ते जास्त काळजीने करत होते. पाच वर्षांत, १९८५ मध्ये, खुद्द इंटेलने डीरॅमचा धंदा सोडला. पुढे याच इंटेलने नवा कारखाना उभारताना जुन्यातलं सगळं जसंच्या तसं उतरवायचं असा नियम केला, त्याचं नावच 'कॉपी एक्झॅक्टली'. मशीनं, पाइपांची रचना, सेटिंग्ज, सगळं. (कॉपी करण्यात आपला हात कोणी धरणार नाही हे मान्य. पण ते कारखान्याची करत होते, रीडिंग्जची नव्हे.)

आता जरा घराजवळ येतो. माझे काका चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहेत. २०२१ मध्ये मी शाळेत होतो, आणि काका आठवड्यातले दोन-दोन दिवस घरी. कोविडमुळे असेल असं आम्हाला वाटायचं. काका म्हणायचे, "अरे, गाडी तयार आहे, चिप नाही." चिप म्हणजे काही फार दिव्य नव्हे, खिडकीची काच, एअरबॅग, इंजिनचं कंट्रोल युनिट यांतली शे-दोनशे रुपयांची गोष्ट, जुन्या प्रोसेसवर बनणारी. झालं होतं असं की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडीवाल्यांनी ऑर्डरी रद्द केल्या, फाउंड्रीवाल्यांनी ती जागा लॅपटॉप-फोनवाल्यांना दिली, आणि गाड्यांची मागणी परत आली तेव्हा रांगेत शेवटचा नंबर. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाने वीज गेली आणि तिथले चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली. टेक्सासात बर्फ पडतो आणि चाकणला काकांचा ओव्हरटाइम बुडतो! जागतिकीकरणावर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलंय, पण मला ते कळलं काकांच्या पगारात.

म्हणूनच "धोलेऱ्याला टाटांच्या कारखान्यात २८ नॅनोमीटर? शी, ते तर २०११ चं तंत्रज्ञान!" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. २०२१ मध्ये जग अडलं ते मुख्यतः असल्याच जुन्या चिप्ससाठी. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा तो प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला तो २८ ते ११० नॅनोमीटरसाठी, ९१ हजार कोटींचा, महिन्याला पन्नास हजार वेफर्सच्या क्षमतेचा. गाड्या, मीटर, चार्जर, डिस्प्ले यांना याच लागतात. मंगळावर जायच्या आधी पुणे-मुंबई नीट जायला शिकावं, त्यातलाच प्रकार. अडचण वेगळी आहे, आणि ती खरी आहे: याच जुन्या प्रोसेसमध्ये चीन प्रचंड क्षमता उभारतोय, आणि जगातल्या जुन्या कारखान्यांची यंत्रं कधीच वसूल होऊन गेली आहेत. त्यांच्या भावाला नव्या कारखान्याने माल द्यायचा तर यील्डमध्ये मार खाऊन चालणार नाही. म्हणजे फिरून आपण हजार पायऱ्यांपाशीच आलो.

आपल्याकडे हे पहिल्यांदाच चाललंय असंही नाही, आणि हे आम्हाला कुठल्याच विषयात शिकवलं नाही याचा मला राग आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला केंद्राने १९७६ मध्ये मंजुरी दिली, १९८४ मध्ये तिथे ५ मायक्रॉनवर उत्पादन सुरू झालं. टीएसएमसीचा जन्म १९८७ चा! मॉरिस चँग यांनी ती काढली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. मोहालीला फेब्रुवारी १९८९ मध्ये आग लागली आणि पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं गेली. चिपच्या धंद्यात एक वर्ष मागे पडणं म्हणजे मुंबईच्या लोकलमधून एका स्टेशनवर चुकून उतरण्यासारखं. गाडी थांबत नाही. आज त्या संस्थेत १८० नॅनोमीटरवर काम होतं, आणि इस्रोच्या रॉकेटसाठीचा विक्रम-३२०१ हा ३२ बिटचा प्रोसेसर तिथलाच, २०२५ चा. फोनवाल्यांनी १८० ला हसून घ्यावं. रॉकेटमध्ये रीस्टार्टचं बटण नसतं.

आता तळेगावचा विषय काढल्याशिवाय मराठी माणसाचा लेख पुरा होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं तेव्हा काय गदारोळ झाला होता, आठवतंय ना? गल्लोगल्ली चिपतज्ज्ञ. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, तेव्हा त्यावर निम्मीही चर्चा झाली नाही. पळवला-पळवलीच्या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही: उद्या तळेगावात फॅब आलाच असता, तर त्यात रात्रपाळीला कोण उभं राहणार होतं? मी? माझ्या आईला मुलाखतीबद्दल सांगितलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "बारा तासांची शिफ्ट? डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा डगला घालून? त्यापेक्षा हिंजवडी काय वाईट आहे!" आईचं चुकतंय असंही म्हणवत नाही. सुरुवातीचा पगार आयटीइतकाच, कधी त्याहून कमी, आणि गाव अनोळखी. डिझाइनमध्ये आपली माणसं भरपूर आहेत. जगातल्या चिप डिझाइन इंजिनिअरांपैकी वीसेक टक्के भारतीय, असं सरकार नेहमी सांगतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगलोरला आली ती १९८५ मध्ये. पण डिझाइन एसीत बसून होतं. वेफर हाताळायला दुसरीच जमात लागते, आणि ती आपल्याकडे अजून तयार व्हायचीय.

एआयबद्दल न लिहिल्यास संपादक मंडळ लेख परत देईल, म्हणून थोडक्यात. एआयच्या चिप्समध्ये आता एकच भलीमोठी चिप करण्याऐवजी तुकडे करून शेजारी शेजारी बसवतात, बाजूला मेमरीचे मनोरे रचतात. त्यामुळे पॅकेजिंग, जे इतकी वर्षं शेवटच्या बाकावरचं पोर होतं, ते एकदम मॉनिटर झालंय. २०२३ मध्ये एआय चिप्स कमी पडल्या त्या पुष्कळशा या पॅकेजिंगची क्षमता अपुरी म्हणून. आणि मेमरीवाल्यांनी आपला माल तिकडे वळवल्याने २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भाव असे चढले की लॅपटॉपला रॅम टाकायला निघालेला माझा रूममेट दुकानातून वडापाव खाऊन परत आला. साणंदला आणि आसामात जागीरोडला मंजूर झालेले कारखाने याच पॅकेजिंग-चाचणीच्या कामाचे आहेत. सुरुवात साध्या पॅकेजिंगने होईल, एआयवाल्या मनोऱ्यांनी नाही. होऊ द्या. तार सोल्डर करायला शिकल्याशिवाय कोणी मनोरा बांधत नाही.

आता आमच्या लॅबकडे वळतो. (इथपर्यंत एखादे सर वाचत आले असतील तर आधीच माफी मागतो.) आमच्याकडे व्हीएलएसआय लॅब आहे, बाहेर चपला काढाव्या लागतात, एवढंच काय ते क्लीन रूमशी साम्य. २०२३ मध्ये एआयसीटीईने व्हीएलएसआयच्या वेगळ्या पदवीचा अभ्यासक्रम आणला, ठिकठिकाणी सीट वाढल्या, चांगलं झालं. पण अभ्यासक्रम कितीही नवा आणा, तो जुन्याच जर्नलमध्ये उतरवला जाणार असेल तर काय उपयोग? दोष एकट्या सरांचा नाही. पुस्तकातल्यासारखं उत्तर आलं नाही तर मार्क कापतात, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो. मग पोरं उत्तर आधी लिहितात आणि रीडिंग्ज मागून बनवतात. अख्खी चार वर्षं आम्हाला पद्धतशीरपणे शिकवलं जातं की बिघडलेला आकडा लपवायचा. आणि मग आम्ही अशा उद्योगात नोकरी मागायला जातो जिथे बिघडलेला आकडा हीच सगळ्यांत किमती माहिती असते.

साधनं नाहीत ही सबबही पूर्ण खरी नाही. फुकटची सॉफ्टवेअर आहेत. एनजीस्पाइसवर सर्किट, मॅजिक किंवा केलेआउटवर लेआउट. स्कायवॉटर या अमेरिकन फाउंड्रीचं १३० नॅनोमीटरचं प्रोसेस किट २०२० पासून सगळ्यांना खुलं आहे. केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत कॉलेजांना महागडी डिझाइन टूल्स मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या काही चिप्स मोहालीत बनूनही आल्यात. आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन प्रयोगशाळेत बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना प्रशिक्षण आणि काम करण्यासाठी सरकारी कार्यक्रम आहे. पण प्लेसमेंट सेलच्या नोटीस बोर्डावर यातलं काय लागतं? लाख-दीड लाख फी घेणाऱ्या 'जॉब ओरिएंटेड व्हीएलएसआय' क्लासची जाहिरात.

असो. मुलाखतीनंतरच्या आठवड्यात मी फिजिक्स लॅबमध्ये गेलो. लॅबचे मामा म्हणाले, "परीक्षा नाही, काही नाही, हॉल इफेक्टचा सेट कशाला रे काढायचा?" काढला बिचाऱ्यांनी, धूळ पुसून. गॉसमीटर शून्यावर यायलाच पाऊण तास गेला. मग कळलं की चुंबक बंद असतानाही सँपलवर थोडं व्होल्टेज दिसतंच, कारण दोन टोकं अगदी समोरासमोर बसवलेली नसतात. ते आधी मोजून वजा करावं लागतं. आमच्या एकाही जर्नलमध्ये त्याचा उल्लेख नाही. होकायंत्र आणून चुंबकाचा उत्तर ध्रुव शोधला, प्रवाहाची दिशा उलटसुलट केली, हाताची बोटं वाकडी करून करून चिन्ह तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पॉझिटिव्ह.

सेटच्या लाकडी खोक्यात तळाला पिवळं पडलेलं छोटं पाकीट होतं. त्यावर लिहिलेलं: जर्मेनियम, पी-टाइप. मामांना विचारलं तर म्हणाले, पहिलं सँपल फुटलं होतं, हे नवीन आणलं त्याला सहा-सात वर्षं झाली. म्हणजे सहा-सात बॅचेसनी आपल्या जर्नलमध्ये सुंदर अक्षरात निगेटिव्ह लिहिलंय, दहापैकी नऊ मार्क घेतलेत, आणि त्यातला एक मी.

मी पानभर ग्राफ पेपर घेऊन दहा रीडिंग्ज मांडली. नऊ रेषेवर आली. सातवं येत नाही, दोनदा परत घेतलं तरी येत नाही. बहुतेक तिथे वायर हलते किंवा सँपल तापतं. ते आहे तिथेच ठेवलंय, बाजूला पेन्सिलने गोल करून.

— बी.ई. (ई अँड टीसी)